सभागृहाची किल्ली : विद्यार्थी, बुवा आणि विद्यापीठ

मराठी साहित्यात बुवा येतो तो बहुधा स्वतःचे हसे करून घेण्यासाठी. आचार्य अत्र्यांच्या 'बुवा तेथे बाया' या नाटकापासून परवापरवाच्या चित्रपटांपर्यंत साचा फारसा बदललेला नाही. बुवा लबाड असतो. त्याच्या पायाशी बसलेली माणसे भोळी, अडाणी असतात, त्यांत बायाबापड्याच अधिक. आणि शेवटच्या अंकात बुवाचे पितळ उघडे पाडण्यासाठी कुणी शिकलेला तरुण हजर होतो. प्रेक्षक हसतो, टाळ्या वाजवतो आणि आपण काही त्यांतले नव्हे, अशा समाधानाने घरी जातो. पांढरपेशा वाचकाला हे समाधान पुरवणे हेच या साच्याचे काम आहे, असे मला आता वाटते. परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी सव्वीस वर्षे मराठी शिकवले आणि हा साचा निमूटपणे शिकवत आलो. तो खोटा आहे, हे मला समीक्षेच्या ग्रंथांनी सांगितले नाही. ते एका मुलामुळे कळले.

साच्यातला खोटेपणा असा की, शिकलेला तरुण आज बुवाच्या विरोधात उभा नसून मांडवाच्या दाराशी बिल्ला लावून उभा आहे. नोंदणी तो करतो, हिशेब तो ठेवतो, इंग्रजी पत्रके तो लिहितो. ही आजचीच गोष्ट आहे असेही नाही. रजनीश हे स्वतः जबलपूरच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवीत होते. १९६६ साली त्यांनी प्राध्यापकी सोडली, १९७४ साली पुण्यात आश्रम मांडला, आणि तेथे जमलेल्यांत निरक्षर कुणीच नव्हते. जपानमध्ये २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथाच्या माणसांत डॉक्टर होते, नामांकित विद्यापीठांतून पदार्थविज्ञान शिकलेले पदवीधर होते. तेव्हा शिक्षण वाढले की बुवाबाजी आपोआप आटेल, ही आपल्या सुधारकांची आशा तपासून पाहिली पाहिजे. शिक्षण म्हणजे केवळ माहितीचा साठा असेल, तर तो साठा बुवाच्या कोठीतही तितकाच सुखाने राहतो.

मी राहतो ते सेलू म्हणजे काचीगुडा-मनमाड लोहमार्गावरचे कापसाचे गाव. दुधना नदी जवळ, जिनिंगचे कारखाने, मोठी बाजारपेठ आणि निजामी राजवटीपासून शाळेची आस्था बाळगणारे लोक. खेड्यापाड्यांतली मुले येथे खोल्या करून राहतात, सकाळच्या पॅसेंजरने परभणीला नाही तर जालन्याला जातात आणि रात्री स्टोव्हवर भात टाकतात. त्यांतलाच हा एक मुलगा. बाप सालगडी, हंगामात जिनिंगवर हमाली करणारा. घर बौद्ध. पोराला बारावीला विज्ञानात चांगले गुण होते. २०१५ च्या जूनमध्ये तो माझ्याकडे आला. शासकीय वसतिगृहाच्या यादीत त्याचे नाव लागले नव्हते, आणि माझ्या ओळखीने कुठे सोय होईल का, एखादे पत्र मिळेल का, एवढेच त्याचे मागणे होते. मी त्याला सोमवारी ये म्हणालो. सोमवारी मी नांदेडला होतो. तेथे एका चर्चासत्रात मी निबंध वाचला. निबंधाचा विषय होता दलित आत्मकथनांतील शिक्षणाची ओढ.

तो पुन्हा आला नाही. मीही शोध घेतला नाही.

दीड वर्षाने त्याचा बाप माझ्या दारात उभा राहिला. "सर, पोरगं घरी आलं तर बोलंना झालंय. मायच्या हातचं खाईना. म्हणतंय, या चुलीवर मटण शिजलंय, इथलं पाणीबी नको." एवढे सांगून तो गप्प बसला. मी आत चहा सांगितला. चहा येईपर्यंत दोघांपैकी कुणीच बोलले नाही.

पुढे मला जे कळले ते थोडक्यात सांगतो. कॉलेजात 'व्यक्तिमत्त्व विकास व तणावमुक्ती' या नावाचे तीन दिवसांचे शिबिर झाले होते. सभागृह फुकट दिले गेले होते, आणि मुलांची हजेरी रीतसर घेतली गेली होती. शिबिर घेणाऱ्यांनी पहिल्या दिवशी देवाचे नाव काढले नाही. ते अभ्यासाबद्दल, एकाग्रतेबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक मुलाला नावाने हाक मारली. तिसऱ्या दिवशी ज्यांना राहायची अडचण आहे त्यांच्यासाठी त्यांच्याकडे दोन खोल्या होत्या आणि रात्रीचे जेवण होते. वर्षभरात पहाटे चारचा जप, मग सेवा, मग शिष्यवृत्तीच्या रकमेतून 'समर्पण', मग जुन्या मित्रांशी बोलणे बंद. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला तो बसलाच नाही. त्याच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो होता. तो काही त्याने काढला नाही. गुरूंचा फोटो आधी शेजारी आला आणि मग हातभर वर गेला.

या मुलाला फसवले असे म्हणणे मला आता जड जाते. जे विद्यापीठाने द्यायचे होते, जे मी द्यायचे होते, ते त्याला दुसऱ्या कुणी दिले : छप्पर, ताटभर जेवण, नावाने मारलेली हाक. चमत्कार त्याने पाहिला नव्हता, त्याला त्याची गरजही नव्हती. १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये गयानाच्या जंगलात जिम जोन्सच्या पीपल्स टेंपलच्या नऊशेहून अधिक माणसांचा अंत झाला. त्या वेळी आम्ही मराठवाड्यात नामांतराच्या आगीतून नुकतेच बाहेर पडत होतो. जगभर ती बातमी वेड्यांची बातमी म्हणून वाचली गेली. पण मेलेल्यांत बहुसंख्य काळे होते, गरीब होते, म्हाताऱ्या बायका होत्या, आणि त्या गोऱ्या गुरूने त्यांना पहिल्यांदा जे दिले ते काळ्या-गोऱ्यांनी एका बाकावर बसण्याचे वचन होते. विषाचा पेला बराच नंतर आला. ज्याला समाजाने बाकावर बसू दिले नाही, तो बाक देणाऱ्याकडे जाणारच. त्याच्या बुद्धीची कीव करण्याआधी बाक अडवून बसलेल्यांना प्रश्न विचारले पाहिजेत.

परंतु गोष्ट येथेच थांबत नाही, आणि दलित समीक्षकाने येथे थांबूही नये. त्या मुलाला समता देतो म्हणून नेले आणि शेवटी काय शिकवले? स्वतःच्या आईच्या चुलीचा विटाळ. गटात जात विचारत नाहीत, हे खरे आहे, मी खात्री करून घेतली आहे. जात विचारायची गरजच उरत नाही. सोवळे, सात्त्विक अन्न, तामसी अन्न, शुद्ध उच्चार, अशुद्ध संगत या शब्दांतून तीच उतरंड पुन्हा रचली जाते, आणि पोर स्वतःच स्वतःच्या घराला खालच्या पायरीवर बसवून येते. गावात त्याच्या आजोबाला विहिरीवर चढू दिले नाही तेव्हा आजोबाला निदान राग आला होता. नातू आईच्या हातचे पाणी नाकारतो तेव्हा त्याला वाटते की आपली उन्नती झाली. अस्पृश्यतेचा इतका बिनबोभाट विजय मनूलाही साधला नव्हता.

हाच शुद्धीचा सोस संतांच्या चरित्रांनाही कसा सोडत नाही, ते आमच्या भागातच पाहायला मिळते. सेलूचे गोपाळराव देशमुख हेच शिर्डीच्या साईबाबांचे गुरू वेंकुशा, अशी येथे श्रद्धा आहे. शेजारचे पाथरी साईबाबांचे जन्मगाव, अशीही श्रद्धा आहे. मशिदीत राहिलेल्या, जन्म-जात विचारली तर बगल देणाऱ्या त्या फकिराला पाथरीतल्या एका ब्राह्मण घराण्याचा मुलगा ठरवण्याचा उद्योग गेली कित्येक वर्षे चालू आहे. २०२० च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा केली तेव्हा शिर्डीने बंद पाळला. भांडण कोणत्या गावाचे, यावर झाले. फकिराला जात चिकटवण्याची गरज कुणाला आणि का पडावी, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आमच्या भागात दोन-दोन कृषी आणि बिगरकृषी विद्यापीठांची छाया आहे, इतिहासाचे विभाग आहेत. त्यांनीही तोंड उघडले नाही.

आणि याच धाग्याच्या दुसऱ्या टोकाला विद्यापीठांसंबंधीचा सगळ्यांत बोधक प्रसंग आहे. आंध्रातले पुट्टपर्तीचे सत्य साईबाबा आपण शिर्डीच्या साईंचा पुनर्जन्म असल्याचे सांगत. हवेतून विभूती काढणे, अंगठ्या काढणे यासाठी ते प्रसिद्ध होते, आणि त्यांच्या भक्तांत न्यायमूर्ती होते, मंत्री होते, कुलगुरूही होते. त्या काळी बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू होते डॉ. एच. नरसिंहय्या. गरीब, मागास घरातून आलेला हा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक आयुष्यभर आपल्या कॉलेजच्या वसतिगृहातल्या एका खोलीत राहिला. १९७६ साली त्यांनी चमत्कार आणि अंधश्रद्धा यांची तपासणी करण्यासाठी विद्यापीठाची एक समिती नेमली आणि साईबाबांना तीन पत्रे लिहिली. मागणे साधे होते : आमच्यासमोर, आमच्या अटींवर करून दाखवा. पत्रांना होकार आला नाही. उलट टीकेचा भडिमार नरसिंहय्यांवरच झाला, आणि १९७७ मध्ये ती समिती संपली. १९८१ साली काय झाले? सत्य साईबाबांच्याच संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ते स्वतः तिचे कुलपती झाले. एका विद्यापीठाने प्रश्न विचारला, व्यवस्थेने उत्तर म्हणून दुसरे विद्यापीठच देऊन टाकले.

येथे कोणी म्हणेल, ही जुनी आणि परप्रांतातली गोष्ट झाली. तर महाराष्ट्राकडे पाहू. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे कुंडल्यांतून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस देण्यात आल्या, आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे दिली, आणि बरोबर निघाली शेकडा सेहेचाळीस. नाणे उडवले असते तरी याहून थोडे बरे जमले असते. असा प्रयोग करायला सरकारी समिती लागली नाही, दडपण लागले नाही. विद्यापीठाने काय करायचे असते याचा हा वस्तुपाठ होता. आता दुसरी बाजू पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ सालीच विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम काढण्याचा मार्ग मोकळा केला होता. शास्त्रज्ञ पी. एम. भार्गव त्याविरुद्ध न्यायालयात गेले, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. पुण्यातल्या चाचणीनंतर तेरा वर्षांनी, २०२१ साली, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने ज्योतिषाची एम. ए. पदवी सुरू केली. म्हणजे खोटे ठरलेल्या गोष्टीचा पदव्युत्तर अभ्यास. मग तणावमुक्तीच्या शिबिराला सभागृह दिले म्हणून मी माझ्या प्राचार्यांना काय म्हणून दोष द्यावा?

दोष दिला मात्र होता. बाप येऊन गेल्यावर मी प्राचार्यांकडे गेलो. ते गृहस्थ वाईट नव्हते. म्हणाले, "सर, मुलगा अठरा वर्षांचा आहे, सज्ञान आहे. देवाधर्माचंच करतोय ना? दारू तर पीत नाही ना?" मी म्हणालो, तो परीक्षेला बसलेला नाही. ते म्हणाले, नापास होणारे काय थोडे आहेत? त्याच वर्षी ६ डिसेंबरच्या आधी आमच्या काही मुलांनी भित्तिपत्रक लावायची परवानगी मागितली होती. त्यांना मजकूर आधी दाखवा, अर्ज चार दिवस आधी द्या, पोलीस ठाण्याचे पत्र आणा, असे सांगण्यात आले होते. सभागृहाची किल्ली एकाला मागताच मिळते आणि दुसऱ्याला पोलीस ठाण्यातून आणावी लागते. यालाच आपल्याकडे शिक्षणसंस्थेची तटस्थता म्हणतात.

ही केवळ आमच्या गावची गोष्ट असती तर मी ती लिहिली नसती. २०१५ च्या मे महिन्यात मद्रासच्या आय.आय.टी.ने तेथील आंबेडकर-पेरियार अभ्यास मंडळाची मान्यता काढून घेतली. कारण काय, तर दिल्लीच्या मंत्रालयाकडे एक निनावी तक्रार गेली होती. त्याच आवारात विवेकानंदांच्या नावाचे अभ्यास मंडळ सुखाने चालत होते, आणि ते चालावे, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. देशभर निषेध झाला, आणि जूनमध्ये मान्यता परत द्यावी लागली. अभ्यास मंडळ म्हणजे काय? चार पोरे एकत्र बसून पुस्तक वाचतात आणि वाद घालतात. जेथे वाद होतो तेथे कुणी आंधळा भक्त होत नाही. पण नेमका तोच वाद विद्यापीठाला धोक्याचा वाटतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि त्यानंतर विद्यार्थी परिषदांच्या थेट निवडणुकांवर पाणी सोडले गेले. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणपत्रिकेवरून प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. १९९४ हे साल मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला विसरता येणार नाही. १४ जानेवारीला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. १९७८ च्या २७ जुलैला विधिमंडळाने केलेल्या ठरावाची अंमलबजावणी व्हायला सोळा वर्षे आणि कित्येक घरांची राख लागली होती. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ वेगळे झाले आणि परभणी जिल्हा तिकडे गेला. आणि त्याच वर्षी विद्यार्थ्याच्या हातून त्याची निवडणूक गेली. नाव मिळाले आणि आवाज गेला, असे म्हणणे कदाचित भडक होईल, पण मी ती वर्षे पाहिली आहेत. नामांतराच्या काळात आमच्या वसतिगृहांत रात्र-रात्र चर्चा चालत. त्यांत भांडणे होती, गटबाजी होती, पोरकटपणाही होता. पण नवे पोर खेड्यातून आले की त्याला खोली शोधून देणारे कुणीतरी असे. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुकांची तरतूद परत आली खरी, पण प्रत्यक्ष निवडणुका पुढे पुढेच ढकलल्या गेल्या. रिकामी राहिलेली सतरंजी फार दिवस रिकामी राहत नाही. कुणीतरी येऊन बसतोच.

आता थोडे आपल्या घरात पाहू. हे लिहिताना मला सुख होत नाही, पण ते टाळले तर बाकीचे लिहिण्याचा अधिकार मला राहत नाही. त्या मुलाला एका फोटोकडून दुसऱ्या फोटोकडे जाणे इतके सोपे का गेले? कारण पहिल्या फोटोशी त्याचे नाते आपण हार घालण्यापुरतेच ठेवले होते. त्याच्या गल्लीत १४ एप्रिलला डीजे वाजतो. वर्षाचे उरलेले दिवस वाचनालयाला कुलूप. बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना विभूतिपूजेवर हल्ला केला होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी पुन्हा बजावले की, धर्मात भक्ती कदाचित मोक्षाला नेत असेल, पण राजकारणात ती हुकूमशाहीकडे नेते. आपण ही भाषणे छापली, वाटली, आणि मग भाषण करणाऱ्याचीच विभूती केली. प्रश्न न विचारता मान झुकवण्याची सवय एकदा लागली की समोर कोण आहे हा तपशील उरतो.

दलित साहित्यालाही मी येथे जबाबदार धरतो. आपल्या आत्मकथनांनी आजीच्या अंगात येणारी देवी लिहिली, पोतराज लिहिला, जोगतीण लिहिली, छप्पन साली नदीत सोडलेले देव लिहिले. ते सगळे जिवंत आहे. पण ते मागे टाकलेल्या वाटेचे वर्णन आहे. अंधश्रद्धा म्हणजे निरक्षर आजीची गोष्ट, नातू तिच्यातून सुटलेलाच आहे, हे त्यात गृहीत असते. पदवीच्या वर्गात बसणारा, स्मार्टफोनवर प्रवचन ऐकणारा, आपल्याच वस्तीची लाज वाटू लागलेला नातू मला आपल्या लेखनात क्वचितच भेटतो. अत्र्यांच्या प्रेक्षकासारखे आपणही समाधान करून घेतले आहे काय, की आपण काही त्यांतले नव्हे?

मग उपाय काय? कायदा, असे चटकन म्हटले जाते. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यावर महाराष्ट्राने जादूटोण्याविरुद्धचा कायदा केला. तो हवाच होता. अघोरी प्रथा, चमत्काराच्या नावाखालची लुबाडणूक यांना त्याने हात घातला. पण आमच्या मुलाला त्या कायद्याचा उपयोग शून्य. त्याला कुणी मारले नाही, उपाशी ठेवले नाही. तो आपल्या पायांनी गेला आणि आपल्या हातांनी पैसे दिले. सज्ञान माणसाला आपली श्रद्धा निवडण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क मोडायला मी तरी तयार नाही. १९७० नंतर अमेरिकेत अशा मुलांना पळवून आणून कोंडून ठेवण्याचा आणि त्यांचे मन 'परत वळवण्याचा' धंदाच निघाला होता. त्यातला सर्वांत गाजलेला माणूस, टेड पॅट्रिक, स्वतः काळ्या वस्तीतून आलेला होता, आणि त्यालाही शेवटी तुरुंग पाहावा लागला. जबरदस्तीने सोडवलेले मन दुसऱ्या जबरदस्तीला तयारच असते. शिवाय आपण हेही विसरू नये की, १९५६ साली नागपूरला निघालेल्या आपल्या माणसांना अडाण्यांची झुंड म्हणणारे विद्वान या देशात होतेच. कोणता गट घातक आणि कोणता नाही हे ठरवायचा अधिकार सरकारच्या हाती दिला, तर पहिली नोटीस कुणाच्या दारावर लागेल, ते मद्रासच्या प्रसंगाने दाखवलेच आहे.

तेव्हा कसोटी श्रद्धेची नको. देव कोणता, जप कोणता, याच्याशी विद्यापीठाला कर्तव्य नाही. तेथे प्रश्न विचारता येतो का आणि तेथून उठून जाता येते का, एवढेच पाहावे. येवल्याच्या १९३५ च्या घोषणेपासून नागपूरच्या दीक्षेपर्यंत बाबासाहेबांनी एकवीस वर्षे घेतली. त्या एकवीस वर्षांत त्यांनी धर्म तपासले, विरोधकांना उत्तरे दिली, आपल्याच लोकांशी वाद घातले. बावीस प्रतिज्ञा लाखो लोकांसमोर उघड्यावर म्हटल्या गेल्या. त्यांत एकही गुप्त नव्हती आणि एकीतही गुरूला शरण जाण्याची अट नव्हती. ज्या बुद्धाकडे ते गेले त्याने कालामांना सांगितले होते की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा आपला गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. १९५० साली औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला त्यांनी पुढे नाव दिले ते मिलिंदाचे. मिलिंद कोण? भिक्खू नागसेनाला एकामागून एक अवघड प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. आणि ज्या परिसरात ते उभे राहिले तो नागसेनवन, म्हणजे उत्तरे देणाऱ्याचे वन. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव असलेली किती महाविद्यालये या देशात असतील? बहुतेकांवर देणगीदाराचे नाव असते, नाहीतर देवाचे. पण त्या नावाचा अर्थ सांगणारा धडा मी सव्वीस वर्षांत वर्गात एकदाही घेतला नाही. अभ्यासक्रमात नव्हता.

विद्यापीठाने करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यात थोर असे काहीच नाही. जपानमधली विद्यापीठे नव्या मुलांना प्रवेशाच्या दिवसांतच सावध करतात की, नाव लपवून मैत्री करणारे, पुस्तकवाचनाला किंवा सहलीला बोलावणारे गट असतात, आधी त्यांचे खरे नाव विचारा. त्यात कुणाच्या धर्माची निंदा नाही. आपल्याकडे रॅगिंग करणार नाही असे प्रतिज्ञापत्र आपण २००९ पासून दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. शिबिर घेणाऱ्या संस्थेकडून मात्र तुम्ही कोण, तुमच्या गुरूंचे नाव काय, शिबिरानंतर मुलांना कुठे नेणार, एवढेही लिहून घेत नाही. वसतिगृहाच्या यादीत ज्याचे नाव लागले नाही तो रात्री कुठे झोपतो, हे विचारायला परिपत्रक लागत नाही. ते मलाही विचारता आले असते.

मुलगा तीन वर्षांनी परत आला. का आला, हे मी विचारले नाही, आणि त्याने सांगितले ते एवढेच की तिथे आजारी पडलेल्या एका मुलाला दवाखान्यात न्यायचे की नाही, यावर त्याने तोंड उघडले होते. आता हंगामात तो बापाबरोबर जिनिंगवर जातो. आईच्या हातचे जेवतो, मटण अजून खात नाही. आई त्याची भाजी वेगळ्या भांड्यात करते आणि त्याबद्दल कुणाकडे बोलत नाही. मध्यंतरी त्याने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बी. ए. चा अर्ज आणला. जुन्या कॉलेजचा दाखला हवा होता. तेथे कळले की त्याच्या नावावर ग्रंथालयाची दोन पुस्तके बाकी आहेत, दंडासह पैसे भरा. पुस्तके खोल्या बदलताना हरवली होती. आम्ही दोघे कारकुनाच्या खिडकीशी उभे राहिलो. पैसे मी भरले. तो म्हणाला, "सर, परत देतो." मी नको म्हणालो नाही. पावतीवर पुस्तकांची नावे होती : एक रसायनशास्त्राचे क्रमिक पुस्तक, आणि दुसरे 'बुद्ध आणि त्याचा धम्म'. कारकुनाने सांगितले, दाखला सोमवारी मिळेल.